तीन बोटं

(पडद्यावर : जूनचा पाऊस. हर्णै बंदर. वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या होड्या.)

जून लागला की समुद्रावरची मासेमारी बंद होते. होड्या वर येतात, आणि एरवी दिवसच्या दिवस दर्यात असणारे बाप घरात दिसायला लागतात. शाळाही याच सुमारास उघडतात. मग 26 जून येतो, अमली पदार्थविरोधी दिन. प्रभातफेरी निघते, शपथ होते, भित्तिपत्रकावर कुणीतरी कवटी रंगवतं, आणि 27 तारखेपासून मागील पानावरून पुढे चालू.

दापोली तालुक्यातल्या या शाळेत यंदा कवटी रंगवलेली नाही.

(पडद्यावर : नववीचा वर्ग. खिडकीबाहेर पागोळ्या.)

विज्ञानाच्या बाई सांगतात, "आ करा. तीन बोटं एकावर एक धरा आणि पुढच्या दातांमधून आत घाला." वर्गात खसखस पिकते. सगळ्यांची बोटं सहज आत जातात. बाई म्हणतात, "आता घरी मोठ्यांची बघून या. रागवायचं नाही, भाषण द्यायचं नाही. नुसतं बघायचं."

वर्षानुवर्षं सुपारी चघळली की गालाच्या आतलं मऊ अस्तर आखडत जातं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंडच पूर्ण उघडेनासं होतं. तीन बोटांची जागा दोनवर येते, कधी एकावर. याच आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तंबाखू मिसळली तर धोका आणखी वाढतो, पण नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवलं आहे. हे ऐकून वर्ग गप्प होतो. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव काढलं की आपल्याला अभिमान वाटतो, आणि यातल्या कितीतरी मुलांच्या घरामागे पोफळी उभ्या आहेत.

धडा सुपारीपासून का सुरू केला, हे आम्ही बाईंना विचारलं. त्यांनी खिडकीतून समुद्राकडे बोट दाखवलं. ऑगस्ट 2023 मध्ये याच तालुक्यात, कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती. सीमाशुल्क खात्याची माणसं वाळू तुडवत फिरत होती, गावंच्या गावं हबकली होती. "ती पाकिटं बघून सगळे घाबरले," बाई म्हणाल्या. "पण चुलीजवळच्या कोनाड्यातली मशेरीची डबी बघून कधी कुणी घाबरलंय? आणि तंबाखूची पुडी आणायला आपण पोरालाच पाठवतो."

(पडद्यावर : पोफळीची वाडी. पाटातून आळ्यात सोडलेलं पाणी.)

मेंदूचं काय होतं, ते समजावायला त्या मुलांना वाडीत घेऊन जातात. पाटातून बेताचं पाणी सोडलं की प्रत्येक झाडाच्या आळ्याला पोचतं. आपला मेंदूही आनंदाचं पाणी असंच बेताने सोडतो : सामना जिंकल्यावर, आईच्या हातचं खाल्ल्यावर, मित्र भेटल्यावर. त्या पाण्याचं एक नाव डोपामिन. नशा म्हणजे बांध फुटल्यासारखा लोंढा. असे लोंढे वारंवार आले की मेंदू स्वतःला वाचवायला आपली तोंडं बुजवून घेतो, आणि मग रोजचं बेताचं पाणी कुठेच पोचत नाही. क्रिकेट बेचव, जेवण बेचव, घर नकोसं. त्या अवस्थेतलं पोर मजेसाठी नशा करत नसतं. नुसतं बरं वाटावं, एवढ्यासाठी करत असतं. आळशी, बिघडलेला म्हणून त्याला झोडपणाऱ्या प्रत्येक घराला ही वाडी दाखवायला हवी.

आणि वयाचा प्रश्न आहेच. ‘थांब, विचार कर’ असं सांगणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. पंधराव्या वर्षी लागलेली सवय म्हणून जास्त खोल जाते. गांजा म्हणजे झाडपालाच की, असं मुलं म्हणतात. झाडपाला खरा, पण तो एकाग्रता आणि स्मरणशक्तीवर घाला घालतो, आणि काहींच्या बाबतीत भास-संशयापर्यंत नेतो. जितक्या लहान वयात सुरुवात, तितका धोका मोठा. शहरातून आलेलं ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, झोप उडवतं, हृदयाला पळवतं, आणि उतरताना माणसाला पार खाली आपटतं. पंक्चरचं सोल्युशन हुंगण्यात तर पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं.

बाई हे सगळं सांगतात, पण वाढवून सांगत नाहीत. एका झुरक्यात माणूस मरतो म्हणून सांगायचं, मुलाने झुरका मारायचा, काहीच व्हायचं नाही. मग मास्तरांचं पुढचं खरं बोलणंही ते खोटंच धरतं. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी शाळांत जाऊन नशेविरोधी वर्ग सुरू केले होते. त्याचा प्रसार खूप झाला, पण पुढच्या अभ्यासांत मुलांच्या वागण्यात फारसा फरक आढळला नाही.

(पडद्यावर : शाळेचं फाटक. मुलं जमिनीवर टेप धरून मोजताहेत.)

शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. 100 यार्ड म्हणजे सुमारे 91 मीटर. मुलांनी लांब उडीचा टेप घेतला आणि मोजलं. टपरी आत निघाली. टपरीवाले काका त्यांच्याच वाडीतले. कुणी तक्रार केली नाही, टेप घेऊन नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुड्यांच्या माळा दिसल्या नाहीत.

यापुढचा तास नाटुकल्याचा. गणपतीतली रात्र, भजन आटोपलंय, मुंबईहून आलेला चुलतभाऊ म्हणतो, "एक मार रे, काय होतंय?" नकार द्यायचा, पण नातं तोडायचं नाही. पहिल्या मुलाला काही सुचत नाही. दुसरा म्हणतो, "दादा, उद्या कबड्डीचं सिलेक्शन आहे, दम लागेल." टाळ्या पडतात. बाई त्याच्याकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतात. ऐन वेळी तोंडात यायला ते आधी तोंडात बसलेलं असावं लागतं.

फळ्याच्या कोपऱ्यात एक नंबर लिहिलेला आहे : 14446, केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन. शेजारी बाईंनी लिहिलंय, ‘मदत मागणाऱ्याला वर्गात कुणी हसायचं नाही.’ 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातही, थोडा माल बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला पुढे आला, तर त्याला संरक्षणाची तरतूद आहे. हे पालकांना माहीत नसतं, म्हणून ते लपवत राहतात.

(पडद्यावर : संध्याकाळ. कौलारू घराची पडवी. जाळं विणणारा माणूस.)

हे तांडेल आहेत, म्हणजे होडीचे प्रमुख. रात्री दर्यात डोळा लागू नये म्हणून वीस वर्षं सुपारी-तंबाखू. मुलगी समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, आ करा." दोन बोटं गेली. तिसरं अडलं. ते हसले, पुन्हा प्रयत्न केला, मग हसले नाहीत.

होडी 1 ऑगस्टपर्यंत वरच आहे. गुरुवारी सकाळच्या एसटीने दोघं दापोलीला दात-तोंडाच्या डॉक्टरांकडे निघालेत. मुलीने शाळेत रजेची चिठ्ठी दिली आहे.