२३ जुलै, मुंबई बोलायला लागली तो दिवस

नमस्कार मंडळी! आज २३ जुलै, बाहेर सकाळपासून पाऊस नुसता कोसळतोय, गाड्या लेट आहेत, आणि तुमच्यातले बरेच जण कानात इयरफोन घालून दादर-कुर्ल्याच्या मधे कुठेतरी अडकलेले असणार हे मला इथे बसून पण कळतंय. तर अडकलाच आहात तर ऐका, कारण आजची तारीख आपल्या मुंबईची खास तारीख आहे आणि मला ती मनापासून आवडते.

१९२७ साली याच दिवशी, २३ जुलैला, आपल्या देशातलं पहिलं रीतसर रेडिओ केंद्र मुंबईत सुरू झालं. त्याआधी रेडिओ क्लबवाल्या हौशी मंडळींनी १९२३ पासून थोडंफार ब्रॉडकास्ट केलेलं होतं, पण इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं हे केंद्र म्हणजे रोजचं, ठरलेल्या वेळेचं प्रक्षेपण. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. आणि ताकद किती, तर दीड किलोवॅट! म्हणजे साधारण ५० किलोमीटरच्या आत नीट ऐकू यायचं, कल्याणपर्यंत ठीक, त्याच्या पुढे सगळं खरखरीच्या हवाली. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला १० रुपये लायसन फी, आणि तेव्हाचे १० रुपये म्हणजे गिरणीतल्या माणसाच्या पगारातला केवढा मोठा तुकडा, त्यामुळे त्या वर्षाअखेर सगळे मिळून लायसनवाले साडेतीन हजारांच्या आसपास. कंपनी १९३० मध्ये बुडाली, मग सरकारने केंद्रं ताब्यात घेतली, १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. पण सुरुवात इथली, आपल्या गावची.

आमच्या घरी ते लायसनचं पुस्तक अजून आहे. बँकेच्या पासबुकासारखं छोटंसं, आत दरवर्षाची तिकिटं चिकटवलेली आणि त्यावर पोस्टाचा गोल शिक्का, काही शिक्के इतके गडद बसलेत की पलीकडच्या पानावर उमटलेत. बाबा लालबागला गिरणीत होते, आम्ही चाळीत, आणि आमच्या मजल्यावर रेडिओ एकच, आमचा. व्हॉल्व्हचा सेट, लावला की लगेच बोलायचा नाही, आधी गरम व्हायचा, आतून धूळ तापल्याचा वास यायचा, मग हळूहळू लांबून चालत आल्यासारखा आवाज जवळ यायचा. एरियल म्हणजे तांब्याच्या जाळीची पट्टी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. संध्याकाळी कामगार सभा, म्हणजे रेडिओवरचा कामगारांचा कार्यक्रम, लागली की बाबा व्हॉल्यूम वाढवायचे आणि सेटचं तोंड गॅलरीकडे फिरवायचे, मग शेजारचे काका स्टूल घेऊन यायचे, काकू भाजी निवडता निवडता दारात बसायच्या, आणि आमच्या घरचा रेडिओ अख्ख्या मजल्याचा व्हायचा.

आणि आता बघा योगायोग. आज लोकमान्यांची जयंती, जन्म २३ जुलै १८५६, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण १९०८ चा वाढदिवस त्यांचा कसा गेला? केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला, मुंबई हायकोर्टात, आणि लोकमान्य स्वतःच स्वतःची बाजू मांडायला उभे राहिले तर बोलले किती, काही दिवस मिळून २१ तासांहून जास्त! माइक नाही, काही नाही, नुसता गळा. २२ जुलैला रात्री उशिरा निकाल लागला, ६ वर्षं काळ्या पाण्याची आणि १,००० रुपये दंड, आणि रातोरात त्यांना मुंबईबाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्यांच्या ५२ व्या वाढदिवशी, गिरण्या बंद. ६ वर्षांच्या शिक्षेला ६ दिवसांचा संप. लष्कर उतरलं, गोळीबार झाला, माणसं गेली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं असे कितीतरी कामगार त्यात होते, केसरी त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला, कोणीतरी एकजण मोठ्याने वाचणार आणि बाकीचे भोवती बसणार, माझ्या डोळ्यासमोर दरवेळी आमची ती गॅलरीच येते. निकाल ऐकल्यावर लोकमान्य जे बोलले ते हायकोर्टात संगमरवरावर कोरून लावलंय, फोर्टात कामाला गेलात तर बघून या, मी दोनदा जाऊन आलेय.

बरोबर १९ वर्षांनी त्याच तारखेला त्याच शहरात सरकारी परवान्याने का होईना पण घराघरात आवाज जायची सोय झाली, आणि पुढे त्याच रेडिओवर गिरणी कामगारांचा स्वतःचा कार्यक्रम. मला हे फार मोठं वाटतं.

आता वाढदिवस. १९४७, स्वातंत्र्य तीन आठवड्यांवर आलेलं, आणि २३ जुलैला दोन मुलं जन्मली, दोघंही पुढे डॉक्टर झाले आणि दोघंही कलेत गेले! एक आपले मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ, आणि घाशीराम कोतवालमधले नाना फडणवीस. दुसरे व्हायोलिनवाले एल. सुब्रमण्यम, मद्रासला एमबीबीएस केलं आणि मग व्हायोलिनच धरलं. १९८८ चा सलाम बॉम्बे आठवतोय? आपल्या रस्त्यांवर शूट झालेला, त्याचं संगीत यांचंच. हिमेश रेशमियाचा पण आज बर्थडे, १९७३ चा जन्म, त्याच्या गाण्यांवर गणपतीत नाचला नाहीत असं सांगूच नका.

आणि आज मेहमूदची आठवण, २००४ साली आजच्या दिवशी गेले. सगळे त्यांना विनोदासाठी लक्षात ठेवतात, ठेवावंच, पण मला ते वेगळ्या कारणासाठी जवळचे आहेत. १९६१ मध्ये त्यांनी छोटे नवाब काढला आणि संगीत दिलं विशी नुकतीच ओलांडलेल्या पोराला. आर. डी. बर्मनचा, म्हणजे पंचमचा, संगीतकार म्हणून पडद्यावर आलेला तो पहिला पिक्चर. तेव्हा तो सचिनदांचा मुलगा एवढीच ओळख, आणि मेहमूदनी त्याच्यावर पैसे लावले! पुढचं पंचमचं सगळं राज्य आपल्याला माहितीय, पण पहिलं दार उघडायला कोणीतरी लागतंच ना.

तिकडे लंडनमध्ये २०११ ला आजच गायिका ॲमी वाइनहाऊस गेली, वय २७. एका रात्रीत ५ ग्रॅमी मिळवलेली मुलगी. तिचा आवाज ऐकला की मला अजून गलबलतं, जास्त बोलवत नाही.

तर मंडळी, आज घरी गेलात की माळ्यावरची जुनी ट्रंक जरा उघडा, त्यात ते लायसनचं पुस्तक सापडलं तर रद्दीत देऊ नका, आणि पहिल्या तिकिटावरचं साल कोणतं ते आम्हाला फोन करून सांगा, पुढच्या कार्यक्रमात मी ती सालं वाचून दाखवणार आहे. आता एल. सुब्रमण्यम यांचं व्हायोलिन लावतेय. खिडकीजवळ असाल तर काच थोडी खाली करा, पावसासोबत ऐका.