बांजाचं बी

नमस्कार श्रोतेहो. मसुरी, नैनिताल किंवा केदारनाथच्या वाटेवर तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. तिथे चढ चढताना बांज नावाचं झाड भेटतं. पान वरून हिरवं, खालून पांढुरकं. हा हिमालयातला ओक. सह्याद्रीत ओक नाही, त्यामुळे त्याचं फळ आपण सहसा पाहिलेलं नसतं. टोकदार, गुळगुळीत, बुडाशी खवल्यांची टोपी. त्यालाच एकॉर्न म्हणतात.

या फळावर कितीजण टपलेले! लंगूर, उडत्या खारी, काळं अस्वल. अस्वल तर झाडावर चढून फांद्या स्वतःकडे ओढतं आणि मोडलेल्या फांद्यांवरच ऐसपैस बसून खातं. जपानमध्ये ज्या वर्षी ओक आणि बीच या झाडांना फळ कमी, त्या वर्षी अस्वलं गावात शिरतात. जे नावाचा पक्षी मात्र फळं बेगमी म्हणून मातीत पुरतो. त्यातली काही काढायची राहून जातात आणि तिथेच रुजतात. ओकही काही कमी नाही. मधली वर्षं हात आखडता घेऊन एखाद्या वर्षी सगळी झाडं एकदम इतकी फळतात, की खाणाऱ्यांना पुरून उरावं.

माणसानेही हे खाल्लंय. कडूपणा टॅनिन या तुरट द्रव्याचा, तो पाण्याने धुऊन काढावा लागतो. कॅलिफोर्नियात तिथल्या मिवोक आदिवासींनी एकॉर्न कुटून कुटून एका खडकात १,१८५ उखळं पाडली. कोरियात त्याच्या पिठाच्या वड्या आजही आवडीने खातात.

पहाडी बायकांना बांज हवा तो पाल्यासाठी. हिरवा पाला गुरांना, वाळका गोठ्यात अंथरायला, मग खत म्हणून शेतात. बांजाखालचे झरे टिकतात, असं त्या ठामपणे सांगतात. इंग्रजांना मात्र राळ आणि रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर देणारी चीड, म्हणजे तिथली पाइन, प्यारी. १९२१ मध्ये नैनितालच्या बाजूच्या कुमाऊं भागातल्या लोकांनी सरकारी चिडीची जंगलं पेटवली, तेव्हा बांजाच्या रानाला हात लावला नाही.

आता खरी अडचण ऐका. पाल्यासाठी वरचेवर छाटलेल्या बांजाला फळच धरत नाही. धरलं तरी खालचा पाचोळा झाडून नेलेला. उघड्यावर पडलेलं एकॉर्न उन्हात सुकतं, आणि सुकलं की मेलं. त्यातूनही उगवलं तर शेळी आहेच. उलट चिडीचं बी पंखांचं, वाऱ्यावर उडून उघड्या जमिनीवर रुजणारं. तिची पानं गुरं खात नाहीत. म्हणून कित्येक ठिकाणी बांजाचं रान उभं दिसतं, पण त्यात रोपटं सापडत नाही. माझ्या मते असं रान वाचलेलं म्हणता येणार नाही.

इलाज गावाच्याच हातात आहे. रानाचे भाग पाडून एकेक भाग काही वर्षं छाटणीतून आणि चराईतून वगळायचा, तिथला पाचोळाही तसाच राहू द्यायचा. रोपवाटिका करायची तर एकॉर्न साठवून चालत नाही. गोळा केलं की ओलं असतानाच पेरावं लागतं.

नमस्कार.