शहानिशेपुरता वेळ

(दृश्य: साक्री तालुक्यातला डोंगराळ रस्ता. वळणावर एसटी थांबते.)

1 जुलै 2018. रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. एसटीतून पाच माणसं उतरली. नाथपंथी डवरी गोसावी. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, घरापासून शेकडो किलोमीटरवर आलेले. या समाजाचं पिढ्यान् पिढ्यांचं जगणं असंच आहे. गावाबाहेर पालं ठोकायची, खांद्याला झोळी अडकवून दारोदार भिक्षा मागायची, आणि चार दिवसांनी पुढचं गाव गाठायचं.

पाचांतला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला. काय बोलला, हे विचारायला कुणी थांबलं नाही. मुलं पळवणारी टोळी आली, असा ओरडा झाला. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथं कोंडून पुन्हा मारलं. पाचही जण गेले.

ज्या कचेरीत रहिवासाचे दाखले मिळतात, म्हणजे माणूस कोण, कुठला, हे जिथं लिहून दिलं जातं, त्या कचेरीत हे घडलं. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर एक धूसर व्हिडिओ.)

त्या उन्हाळ्यात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्या आईबापाच्या पोटात गोळा यावा असंच ते दृश्य.

ती गल्ली कराचीतली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं 2016 मध्ये केलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये तेच मोटारसायकलस्वार परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि पाटी दाखवतात. आपल्या मुलांकडे लक्ष ठेवा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. कुणीतरी तो शेवट कापला. उरलेला तुकडा भारतात आला आणि त्याच्याखाली गावोगावची नावं लागत गेली. व्हॉट्सॲपवरचा संदेश कुणी पहिल्यांदा लिहिला, हे शोधणं फार अवघड असतं. तो ज्यानं पाठवला तो आपला भाऊ असतो, शाळेतला मित्र असतो, शेजारी असतो, आणि आपण त्या माणसावर विश्वास ठेवून संदेश पुढे ढकलतो.

म्हणूनच राईनपाड्याच्या माणसांना खुनशी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पोराच्या काळजीनं झोप उडालेला बाप त्या बाजारात होताच. त्याची भीती खरी होती, बातमी खोटी होती. पण त्या भीतीपोटी पाच घरं उघडी पडली, आणि त्याची जबाबदारी हात उचलणाऱ्यांवर आहेच. 2024 साली धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप सुनावली.

राईनपाड्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर निर्देश दिले.

(दृश्य: पालघर जिल्हा. जंगलातली रात्र, रस्त्यावर आडवं लावलेलं फाटक.)

16 एप्रिल 2020. लॉकडाऊन. गुरूंच्या अंत्यविधीसाठी कांदिवलीहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक गडचिंचले गावाजवळ वनखात्याच्या चौकीपाशी अडवले गेले. तिथंही मुलं पळवणारे फिरताहेत ही अफवा आधीच पोचली होती. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांना मारलं.

पण मला सांगायचं आहे ते त्यापुढचं. मारहाणीच्या व्हिडिओतल्या गलक्यात कुणीतरी ‘ओय, बस’ म्हणतं. थांबा, पुरे, असं म्हणणारा बहुधा तो एकच आवाज. समाजमाध्यमांवर तो आवाज ‘शोएब’ म्हणून ऐकवला गेला. एका नावावरून हल्लेखोरांचा धर्म ठरला आणि लाखो लोकांपर्यंत पोचला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादीच जाहीर करावी लागली आणि त्यात एकही मुसलमान नाही, हे सांगावं लागलं.

गडचिंचल्याच्या जमावाला निदान अंधाराची, चोराची भीती होती. हा दुसरा खोटेपणा करणाऱ्यांना कसली भीती होती? ते आपापल्या घरी सुरक्षित बसले होते. व्हिडिओ दोनदा ऐकायला त्यांना वेळ होता. त्यांना तो ऐकायचा नव्हता, कारण खरं काय ते कळलं असतं तर त्यातून मतं मिळाली नसती. तीन माणसांच्या मरणाचं असं भांडवल होताना मी पाहिलं आणि मला राईनपाड्यापेक्षाही जास्त धास्ती वाटली. आमच्याही घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता. खुलासा मात्र कुणीच पाठवला नाही.

(दृश्य: मालेगाव. अरुंद गल्ली, एक बंद दार.)

आता पुन्हा 1 जुलै 2018. राईनपाड्याच्याच दिवसाची रात्र, शेजारचा नाशिक जिल्हा. मालेगावच्या आझादनगर भागात भिक्षा मागणारं एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं. पाच जण, त्यात एक अगदी लहान मूल. इथंही तोच संशय होता.

गल्लीतल्या एका रहिवाशानं त्या पाचांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावलं. बाहेर जमाव वाढत गेला. त्यांना आमच्या हवाली करा, असा ओरडा सुरू होता. दगड आले. पोलिसांची गाडी उलथवली गेली, पोलीस जखमी झाले.

आत कोण आहे, हे त्या घरमालकालाही ठाऊक नव्हतं. कुठले, कशासाठी आले, हे विचारून घ्यायला वेळ हवा होता, आणि तेवढा वेळ त्यानं आपलं घर पणाला लावून मिळवून दिला. पोलिसांनी पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं.