बिनबियांच्या मण्यामागचं एक अक्षर

श्रोतेहो, नमस्कार.

द्राक्षांचा हंगाम भरात आहे. हातगाडीवर हिरवी सोनाका आणि काळी शरद सीडलेस शेजारीशेजारी मांडलेली असते. भावाची घासाघीस करता करता एखादं गिऱ्हाईक मधूनच विचारतं, "बिनबियांची म्हणजे ही जीएम द्राक्षं ना हो?" नाही. जीएमचं, म्हणजे प्रयोगशाळेत पिकाचे जीन बदलण्याचं, तंत्र येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून माणूस बिनबियांची द्राक्षं खातोय, त्यांचे बेदाणे करतोय. ती आली उत्परिवर्तनातून, म्हणजे म्यूटेशनमधून. आणि म्यूटेशन समजून घ्यायला सोलापूरकरानं लांब जायचं कारण नाही. सोनाका आणि शरद सीडलेस या दोन्ही जाती आपल्या उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या. तिथले बागायतदार नानासाहेब काळे यांनी त्या पुढे आणल्या. सोनाका थॉमसन सीडलेसमधून निघाली, तर शरद सीडलेस किशमिश चोर्नीमधून.

आता 'निघाली' म्हणजे नेमकं काय झालं?

वेलीच्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्याची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. द्राक्षाच्या एका संचात अशी सुमारे ५० कोटी अक्षरं १९ गुणसूत्रांवर वाटलेली आहेत. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी या सगळ्याची नक्कल उतरवावी लागते. नक्कल करणारं एन्झाइम लाखाला एखादी चूक करतं, पण मागे वळून ती खोडतंही. त्यातून सुटलेल्या चुका दुरुस्ती करणारी दुसरी प्रथिनं पकडतात. सगळी चाळणी झाल्यावर १०० कोटी अक्षरांमागे साधारण एखादीच चूक उरते. आपल्या सरकारी दप्तरांची कल्पना असणाऱ्यांना हे काम फारच चोख वाटेल! पण पेशींची संख्या बघा. एका बागेतल्या वेली, त्यांच्या काड्या, काड्यांवरचे डोळे. चूक कुठे ना कुठे राहणारच. अशी राहून गेलेली चूक म्हणजेच म्यूटेशन.

नक्कल होत नसतानाही डीएनए स्वस्थ नसतो. नुसत्या पाण्याच्या सान्निध्यात 'सी' अक्षर बिघडतं आणि पुढच्या नकलेत 'टी' म्हणून वाचलं जातं. उन्हातले अतिनील किरण शेजारच्या दोन 'टी' एकमेकांना चिकटवून टाकतात. क्ष-किरणांनी म्यूटेशन होतात हे हर्मन म्युलर यांनी फळमाश्यांवर प्रयोग करून १९२७ मध्ये दाखवलं. एक मात्र पक्कं ध्यानात असू द्या. वेलीला गरज पडली म्हणून हवा तो बदल होत नाही. बदल आंधळेपणानंच होतो.

अक्षर बदललं की प्रथिन बदलतंच का? तसंही नाही. पेशी तीन-तीन अक्षरं एकत्र वाचते आणि प्रत्येक तिकडीमागे एक अमिनो आम्ल जोडत प्रथिन बनवते. तिकड्या ६४ आणि अमिनो आम्लं २०, त्यामुळे एकाच आम्लाला अनेक तिकड्या चालतात. अक्षर बदलूनही आम्ल तेच राहिलं, तर कुणाला पत्ताही लागत नाही. कधी आम्ल बदलतं. कधी तिकडीचा अर्थच 'थांबा' असा होतो आणि प्रथिन अर्धवट तुटतं. सगळ्यात वाईट म्हणजे एखादं अक्षर गळणं. ऐका: 'नमन कमल शहर'. यातला दुसरा 'न' काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरांनी वाचा: 'नमक मलश हर'. गळालं एकच, पण पुढचं सगळं बिघडलं.

आता परत मण्याकडे येऊ. जीन म्हणजे एका प्रथिनाची कृती लिहिलेला डीएनएचा भाग. द्राक्षात बीचं कवच घडवायला लागणारा असा एक जीन आहे, एजीएल११. बिनबियांच्या थॉमसनमध्ये या जीनच्या १९७ व्या तिकडीत मधल्या 'जी'च्या जागी 'टी' आला आहे. त्यामुळे प्रथिनात आर्जिनिनऐवजी ल्यूसिन बसतं. बदल इतकाच, आणि जीनच्या दोन प्रतींपैकी एकीत झाला तरी पुरतो. फुलात फलन होतं, बी धरायला लागते, पण कवच नीट बनत नाही आणि ती तिथेच खुंटते. मणी चिरून बघा, आत मऊ, बारीक खूण सापडेल. ही गोष्ट बागायतदाराच्या खिशालाही लागते. मणी फुगवणारं जिबरेलिन बियांमध्ये तयार होतं. बीच नाही म्हटल्यावर मणी बारीक राहतो, म्हणून आपण घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात बुडवतो. एका अक्षराचं देणं दर हंगामात असं फेडावं लागतं!

रंगाची कथा याहून मजेशीर आहे. मुळात द्राक्ष काळंच. सालीत रंग भरायची कळ दाबणारे दोन जीन शेजारीशेजारी आहेत. हिरव्या जातींमध्ये पहिल्याच्या पुढ्यात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला आणि कळच दबेनाशी झाली. दुसऱ्यात एक अमिनो आम्ल बदललं, शिवाय दोन अक्षरं गळाली आणि पुढचं वाचन कोलमडलं. म्हणजे हिरवं द्राक्ष हे दोन मोडक्या जीनचं फळ. पण आपल्याला ते मोडकं कधीच वाटलं नाही.

माणसात मात्र असाच एका अक्षराचा बदल महाग पडतो. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एका 'ए'चा 'टी' होतो, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि तो जीन आई-बाप दोघांकडून आला तर सिकलसेलचा आजार होतो.

आणखी एक फरक आहे. उन्हानं आपल्या कातडीत झालेलं म्यूटेशन मुलांत उतरत नाही, कारण ते बीजपेशीत झालेलं नसतं. वेलीचं तसं नाही. डोळ्यातल्या एका पेशीत बदल झाला, त्या पेशीचा वंश वाढला, तर अख्खी काडी वेगळी निघते. त्याच काडीचं कलम केलं की नवी जात उभी राहते, बियांची गरजच पडत नाही. मात्र कधीकधी बदल पेशींच्या एकाच थरात किंवा पट्ट्यात राहतो. मग एखादा मणी अर्धा हिरवा, अर्धा काळा दिसतो आणि पुढच्या फुटीत ते वेगळेपण नाहीसंही होतं.

म्हणून बागायतदार श्रोत्यांनो, घड उतरवताना एखाद्या काडीचा माल न्यारा दिसला, मणी लांबट किंवा रंग वेगळा, तर मजुरांना थांबवा आणि त्या काडीला चिंधी बांधा. खरड छाटणीत ती चुकून जाऊ देऊ नका. खत, पाणी आणि जीए शेजारच्या वेलींइतकंच द्या, नाहीतर फरक कशाचा ते कळायचं नाही. दोन-तीन हंगाम तसाच माल आला, तर त्या काडीचे डोळे वेगळ्या खुंटावर भरा.