साताऱ्याच्या शेतातून तिरुअनंतपुरमच्या राजवाड्यापर्यंत: एका झडपेची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातलं पाणी मागे जाऊ न देणारी तळाची झडप, गळायला लागला की काय होतं, हे साताऱ्या-सांगलीच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. मोटार घरघरत राहते आणि पाणी काही वर चढत नाही. आपल्या हृदयात अशा चार झडपा आहेत. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. पण ते दिवसातून लाखभर वेळा करावं लागतं.

या झडपा आपल्याकडे अनेकांच्या ऐन तारुण्यात खराब होतात. त्याची सुरुवात लहानपणी घसा दुखण्यापासून होते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे घसा सुजतो, औषध पूर्ण घेतलं जात नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे सुजतात. हा संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहतो. मग लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणात अशा मुलीला धाप लागते आणि तेव्हा कळतं की झडप आकसली आहे. हा आजार दाटीवाटीनं राहणाऱ्या, दवाखान्यापासून लांब असणाऱ्या घरांचा आहे. म्हणूनच त्याच्यावरचा इलाज परवडणारा असणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मी मानतो.

१९७०च्या दशकात कृत्रिम झडप परदेशातून यायची आणि तिची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. डॉ. एम. एस. वलियथन हे हृदयशल्यचिकित्सक तेव्हा तिरुअनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल या वैद्यकीय संस्थेत होते. अमेरिकेत त्यांनी चार्ल्स हफनागेल यांच्या हाताखाली काम केलं होतं. १९५२ साली माणसाच्या शरीरात पहिली कृत्रिम झडप बसवणारे ते हेच हफनागेल. वलियथन यांनी ठरवलं की झडप इथेच बनवायची. त्रावणकोरच्या राजघराण्यानं दिलेल्या सॅटेलमंड राजवाड्यात प्रयोगशाळा उभी राहिली, आणि डॉक्टरांच्या शेजारी धातूचे, प्लॅस्टिकचे, यंत्रांचे जाणकार कामाला लागले.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवणारा माणूस. त्यामुळे पुढचा भाग मला फार जवळचा वाटतो.

ही झडप म्हणजे धातूचं एक कडं आणि त्यात तिरकी होऊन उघडझाप करणारी चकती. बघायला अगदी साधी. सुरुवातीच्या एका नमुन्यात धातूचे भाग वेल्डिंगनं जोडले होते, ते वेल्डिंगपाशीच ठिसूळ होऊन तुटले. मग सांधा नकोच म्हणून टायटॅनियमचं कडं अखंड ठोकळ्यातून कोरलं आणि चकती कृत्रिम नीलमण्याची केली. नीलमणी इतका कठीण की त्यानं टायटॅनियमच झिजवलं. धातू बदलला, हेन्स-२५ घेतला. जेट इंजिनाच्या तापणाऱ्या भागांत वापरतात तो कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू. झीज थांबली. पण मेंढीच्या हृदयात बसवलेल्या झडपेची नीलमण्याची चकतीच फुटली.

वर्षानुवर्षं केलेलं काम असं मेंढीच्या छातीत मोडून पडलं, तेव्हा या माणसांना काय वाटलं असेल? तरी त्यांनी घाई केली नाही, कुणा रुग्णावर नशीब आजमावलं नाही. परदेशात ब्यॉर्क-शायली नावाच्या झडपेच्या एका प्रकारात वेल्ड केलेली दांडी रुग्णांच्या हृदयातच तुटत होती. त्यात शेकडो माणसं गेली आणि १९८६ साली ती झडप बाजारातून काढावी लागली. वेल्डिंगचा सांधा तिरुअनंतपुरमला प्रयोगशाळेतच तुटला, ही त्या चाचण्यांची खरी कमाई.

अखेरचा उपाय मऊ वस्तूनं दिला. कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वापरतात तेच अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन, म्हणजे एक चिवट प्लॅस्टिक, चकतीसाठी घेतलं. ती चकती उघडझाप करताना हळूहळू स्वतःभोवती फिरते, त्यामुळे एकाच जागी घासत नाही. आवाजही कमी. हृदय वर्षाला साधारण ३ कोटी ८० लाख वेळा धडधडतं, म्हणजे दहा वर्षांचे झाले ३८ कोटी ठोके. प्रत्यक्ष दहा वर्षं कोण थांबणार? म्हणून यंत्रावर कितीतरी वेगानं ही उघडझाप करून घेतली, मग पुन्हा मेंढ्या, आणि मग डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या माणसाला ही झडप बसली. पुढे टीटीके कंपनीनं तिचं उत्पादन सुरू केलं. आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत. डॉ. वलियथन २०२४ च्या जुलैत गेले.

ज्यांच्या घरी अशी झडप बसवलेलं माणूस आहे, त्यांच्याशी थोडं बोलतो. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. बरं वाटतंय म्हणून ती बंद करू नका. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघणारी आयएनआरची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा कराच, शेतीची कामं असली तरी. पालेभाजीनं या गोळीचा परिणाम कमी-जास्त होऊ शकतो, पण मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं नको. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा. आणि मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा, कारण यातली काही औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांनी ताप आणि दुखरा घसा अंगावर काढू नये. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर ते सांगितलेले सगळे दिवस द्या. संधिवाताचा ताप एकदा येऊन गेला असेल, तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन बरीच वर्षं घ्यावं लागतं. ते दुखतं, मूल रडतं, शाळा बुडते. तरीही तारीख चुकवू नका.

नमस्कार.