आईच्या कपाळावरची तीट

(दृश्य: गिरगावातली चाळ, रात्र. मोरीत लाल दिवा.)

दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलंय, पाटावर एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश सोडून कागदावर फोटो पाडायचं यंत्र, खाली तीन ट्रे. मे महिना आहे. कागदावर चित्र उमटवणारं रसायन, डेव्हलपर, वीस अंशांवर आणायला मघाशी त्यात बर्फाची पिशवी सोडली होती.

एनलार्जरमध्ये निगेटिव्ह आहे रंगीत, १९९१ सालची, आईच्या लग्नाची. कागद मात्र ब्लॅक अँड व्हाइटचा. स्कॅन करून रंग काढून टाकणं मिनिटाचं काम. पण मग ही रात्र कशाला जागायची?

रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते, ती जुनी झाली म्हणून नव्हे. फिल्ममधले रंग तंतोतंत शुद्ध नसतात. ती कसर भरून काढायला कारखान्यातच तिला ही छटा दिलेली असते. इथे मात्र तीच आड येते. कागदाला लाल-नारिंगी दिसत नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. आणि ही निगेटिव्ह तसाच दिवा पांघरून बसलीय! एरवी दहा सेकंदांत होणाऱ्या प्रिंटला आज चाळीस लागतात. त्यातून चित्र मिळमिळीत. पाच नंबरचा फिल्टर लावला तेव्हा कुठे जरा उठाव आला.

(दृश्य: ट्रेमध्ये हळूहळू उमटणारं चित्र.)

आधी उमटते ती कार्यालयाबाहेर उभी असलेली बेस्टची बस. काळी कुळकुळीत. मग शालू, तोही काळा. निगेटिव्हमध्ये लाल रंगाची नोंद ज्या थरात होते, तो थर या कागदाच्या खिजगणतीतच नाही. त्याच्या लेखी ती जागा मोकळी. प्रकाश आरपार जातो आणि प्रिंटवर काळं पडतं. निळं आकाश उलट पांढरंफटक. १९१२ साली फाळके दादरला चित्रीकरण करत होते, तेव्हाची फिल्मही लाल रंगाला अशीच आंधळी होती.

यावर उपाय होता. कोडॅकचा पॅनाल्युअर कागद सगळे रंग बघायचा, आणि म्हणूनच त्याला लाल दिवा चालत नसे. तो बनायचा कधीच बंद झाला.

(दृश्य: दोरीवर चिमट्याला लावलेला ओला प्रिंट. आई चश्मा लावून बघते.)

शालूबद्दल ती काही बोलत नाही. बसकडे तर लक्षही नाही. बोट जातं थेट कपाळावर.

"अरे, लग्नात मला तीट कुणी लावली?"