ऐकू न येणारा उकार

नमस्कार श्रोतेहो. मुलांना घरीच शिकवणारे पालक मराठी शुद्धलेखनाबद्दल ठरलेला प्रश्न विचारतात : पुस्तक कोणतं घ्यावं, ॲप कोणतं? तिकडे येऊच, पण आधी एका घरातला किस्सा.

नऊ वर्षांचा नातू, समोर आजी, श्रुतलेखन चाललेलं. आजी म्हणाल्या, "कर्णाला सगळे सूतपुत्र म्हणत." नातवाने लिहिलं 'सुतपुत्र', पहिला उकार. आजोबा वहीत डोकावले. "अरे, सुत म्हणजे मुलगा. सुतपुत्र म्हणजे मुलाचा मुलगा. कर्ण कुठला, तो तर तूच!" सूत म्हणजे सारथी, तिथे दुसरा उकार. झालं, आजींनी सूर लांबवला : "सूऽऽत." बरोबर आलं. "फूऽऽल." बरोबर. "मूऽऽल." तेही बरोबर. आजी खूश. दुसऱ्या दिवशी वाक्य घातलं, "मुलाने फुलाला हात लावला." पठ्ठ्याने दोन्हीकडे दुसरा उकार दिला. आजी म्हणाल्या, "मी आज लांबवलं होतं का?" तो म्हणतो, "नाही, पण काल लांबवलं होतंस ना? मूल तेच, फूल तेच. रात्रीत उकार कसा बदलला?"

प्रश्न बिनतोड आहे. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळत नाही. मोडीत तर हा भेद सहसा लिहीतच नसत, आणि दफ्तरं अडली नाहीत! तेव्हा लक्षात ठेवा : जे कानाला ऐकू येत नाही, ते नुसत्या श्रुतलेखनाने येत नाही. सूर लांबवणं म्हणजे उत्तर सांगून टाकणं.

आता पुस्तक. दोन गोष्टी बघा. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे दिलेत का? फूल, वीट, तीळ यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ. गुण, विष, मधुर यांत ऱ्हस्व, कारण ते तत्सम, संस्कृतातच ऱ्हस्व. दोन्ही एकाच धड्यात कोंबले की मुलाला नियम दिसतच नाही. दुसरं, प्रत्यय लावून सराव आहे का? फूल-फुलाला, वीट-विटेने असा दीर्घाचा ऱ्हस्व होतो, पण तत्सम दूत-दूताला, जीव-जीवाला दीर्घच राहतात. हा सराव नसेल तर पुस्तक दुकानातच ठेवा. ॲपमध्ये दोन पर्यायांतून एक निवडायचा असेल, तर निम्मी उत्तरं नशिबानेही बरोबर येतात. हाताने लिहायला लावा. (रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्या मामा-आत्यांनी भाच्यांच्या वेलांट्यांतल्या चुका काढू नयेत, हेही जाता जाता.)

आठवड्याला आठच शब्द, एकाच नियमाचे. सोमवारी बघून वाचायचे, मंगळवारी झाकून लिहायचे, बुधवारी प्रत्यय लावायचे, गुरुवारी वाक्यांत श्रुतलेखन, नेहमीच्या बोलण्याच्या वेगात. तपासणी लगेच, आणि मुलानेच करायची. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका. पाचव्या वेळेपासून हात लिहितो, डोकं खेळायला गेलेलं असतं. शब्दाची एक जोडी पुरे : मूल, मुलाला. पंधरा दिवसांनी तेच आठ शब्द अचानक विचारा. पुन्हा सांगायचं तर : आठ शब्द, एक नियम, प्रत्ययासकट.

घरात जुनी पुस्तकं असतील, तर 'नांव', 'पांच' अशी टिंबं दिसतील. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ती पुस्तकं मुलांना खुशाल वाचू द्या, फक्त श्रुतलेखन त्यातून घालू नका.